चिंधी, खापर, खराटा आणि माणसाचा देह

कवंद, म्हणजे जुन्या कापडाच्या ठिगळांचे पांघरूण, कोपऱ्यापासून सुरू होते. जमिनीवर जुने लुगडे पसरायचे, कोपऱ्याशी पहिले ठिगळ ठेवायचे, त्याच्या कडा आत मुडपायच्या आणि जाड पांढऱ्या सुताने धावदोरा घालत काठाकाठाने पुढे जायचे. एक फेरा पुरा झाला की त्याच्या आतला फेरा, मग त्याच्याही आतला. शेवटचे ठिगळ मधोमध बसते. आधी काढलेला आराखडा नसतो, मोजपट्टी नसते. गाठोड्यातून एक तुकडा उचलायचा, लगतच्या तुकड्याशी लावून बघायचा आणि नजरेला पटला की शिवायचा. मोठ्या ठिगळांवर मध्येच लहान, भडक रंगाचे तुकडे बसतात. त्यांना टिकेली म्हणतात. त्यांचा ऊब देण्याशी संबंध नाही, ते केवळ शोभेचे. बाळासाठी कवंद असेल तर टिकेली जास्त. शेवटी चार कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लागतात. फुलांवाचूनची कवंद उघडी, नागवी समजली जाते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा अशा तालुक्यांत राहणाऱ्या सिद्दी समाजातील बायकांची ही कला. त्यांपैकी जोयडा तालुका गोव्याच्या सीमेला लागून आहे. त्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवरच्या धरणात सुपा गावच बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. १९५६ पर्यंत हा सगळा जिल्हा मुंबई राज्यात होता. आजही इथे कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा एकाच अंगणात ऐकू येतात. बाजारकुणंगसारखी गावे रानात विखुरलेली आहेत, आणि तालुक्यात कुणबी, मराठा, गवळी, सिद्दी असे समाज शेजारी नांदतात. पावसाळा लांबणाऱ्या, थंडीत रात्री गारठणाऱ्या या मुलखात जाड पांघरूण ही चैन नव्हे. ते विकत आणण्याइतका पैसा हाती नसे, तेव्हा घरातल्या जुन्या कापडातूनच ते उभे करावे लागे. जुने लुगडे, धोतर, परकर, शाळेचा विटलेला गणवेश, फाटका सदरा हे सारे कवंदीत येते.

माणसाचा देह आणि घरातून टाकलेल्या वस्तू यांना एकत्र आणणारी कला आज जगभरच्या कलादालनांत दिसते. कुणी प्लास्टिकच्या डब्यांचे मुखवटे करतो, कुणी फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्या उभ्या करतो, कुणी कचऱ्याचाच पोशाख चढवून रस्त्यावर उतरतो. ही विसाव्या शतकात शहरात निघालेली टूम आहे असे वाटू शकते. पण जोयड्याच्या रानात पसरलेली कवंद आणि महाराष्ट्राच्या वाटांवरून फिरलेला एक खापरधारी कीर्तनकार समोर ठेवले, तर या कलेचा जुना आणि फार गंभीर अर्थ उलगडतो. वस्तू टाकाऊ ठरते तेव्हा तिला हाताळणारे माणूसही अनेकदा टाकाऊ ठरवले जाते. ते टाकलेले माणूस स्वतःच्या मर्जीने ती वस्तू अंगावर घेते किंवा तिला नवे रूप देते, तेव्हा आपली किंमत ठरवण्याचा हक्क ते परत मागत असते.

जीर्ण वस्तूत देह कसा उतरतो

घरातली बहुतेक हत्यारे आणि भांडी माणसाच्या शरीराच्या मापाने घडलेली असतात. पाट्याची रुंदी दोन हातांच्या पल्ल्याची, तांब्याचा गळा मुठीत मावणारा, फुंकणीची लांबी चुलीपासून तोंड सुरक्षित राहील इतकी. वापर सुरू झाला की माणूस उलट दिशेने वस्तूला घडवू लागतो. उजव्या हाताने वर्षानुवर्षे फिरवलेल्या उलथण्याचा एक कोपरा झिजून तिरपा होतो. केरसुणी एका अंगाने आखूड होते. वरवंटा मधे बारीक होतो, पाट्याला खळगा पडतो. अशी वस्तू हातात घेतली की ती वापरणारी बाई उजवी होती की डावी, जोर किती देत होती, हे कळते.

कापडात ही खूण सर्वांत स्पष्ट असते, कारण कापड देहाला चिकटून जगते. सदरा प्रथम कॉलरवर आणि कोपरांवर विरतो, विजार गुडघ्यांवर, लुगडे घोट्यापाशी आणि बसण्याच्या जागी. घर्षण, घामातले क्षार आणि ऊन हे तिघे मिळून सुताचे तंतू तोडतात. काठ मात्र दाट विणीचा असल्याने टिकतो. म्हणून जुने कापड फाडताना जाणती बाई विरलेला भाग वेगळा काढते आणि काठाची पट्टी राखून ठेवते.

जुने सुती कापड पांघरुणाला नव्यापेक्षा चांगले का, यालाही कारण आहे. नव्या कापडात खळ असते. प्रत्येक धुण्याने ती निघत जाते, धाग्यांचा ताठपणा सैलावतो, तंतूंची टोके मोकळी होऊन पृष्ठभाग मऊ होतो. असे थर एकावर एक ठेवले की त्यांच्यामध्ये हवा अडकते, आणि स्थिर हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. जवळजवळ घातलेला धावदोरा हे थर सरकू देत नाही आणि ओढ हजारो टाक्यांत वाटून टाकतो. एकट्याने केव्हाच फाटले असते ते कापड अशा सोबतीत आणखी कित्येक वर्षे टिकते. महाराष्ट्रातली गोधडी आणि वाकळ याच तत्त्वावर उभ्या आहेत. आजीच्या लुगड्याच्या गोधडीत नातवंड झोपते, तेव्हा तिच्या अंगाने मऊ केलेले कापडच त्याच्या अंगाला लागते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, ज्यांचे पूर्वज कापसाच्या मळ्यांवर गुलाम होते, जुन्या कपड्यांच्या रजया शिवत आल्या. १९४२ मध्ये मिझुरी पेटवे या बाईंनी नवऱ्याच्या निधनानंतर त्याच्या कामाच्या कपड्यांतून रजई शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्या मायेखाली झोपता यावे, हा हेतू त्यांच्या मुलीने पुढे सांगितला. त्या रजईत गुडघ्यांपाशी विटलेल्या विजारी आहेत, उसवलेल्या खिशाखालचा गडद रंग आहे. शेतात राबलेल्या माणसाचा आकार त्या कापडातून वाचता येतो. २००२ मध्ये जीज बेंडच्या रजया अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या आणि आधुनिक चित्रांच्या तोडीची रचना म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाऊ लागले.

सिद्दींचा इतिहासही या कथेशी दुरून नाते सांगतो. मराठी वाचकाला सिद्दी म्हटले की मुरूडचा जंजिरा आठवतो, निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर आठवतो. आफ्रिकेतून आलेल्या माणसांतून सरदार आणि राज्यकर्ते झाले, ही त्या इतिहासाची एक बाजू. दुसऱ्या बाजूला ती माणसे आहेत ज्यांना पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात आणून विकले. त्यांतले अनेक जण मालकांच्या तावडीतून निसटून घाटावरच्या रानात शिरले. उत्तर कन्नडमधील सिद्दींपैकी बऱ्याच जणांचे पूर्वज असे आले. आज ते हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशा तीन धर्मांत विभागलेले आहेत, पण बहुतेक जण घरात कोकणी बोलतात. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली, तेव्हा या समाजाचा माणूस पहिल्यांदाच विधिमंडळात पोहोचला.

ज्यांच्या पूर्वजांची खरेदी-विक्री वस्तूसारखी झाली, त्यांच्या लेकी-सुनांनी टाकलेल्या वस्तूंतून घडवलेली ही कला आहे. म्हणून कवंदीतल्या त्या टिकेल्या मला फार मोलाच्या वाटतात. गरज फक्त ऊब मिळवण्याची असती, तर त्यांची जरूर नव्हती. अभावातही शोभेचा हट्ट धरणे ही माणूसपणाची ठाम खूण आहे.

लादलेले मडके, निवडलेले खापर

महाराष्ट्रात देह आणि घरातली क्षुद्र मानलेली वस्तू यांची जोडणी एकेकाळी शिक्षेसारखी लादली गेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या भाषणात याची नोंद केली आहे. पेशव्यांच्या राजधानीत, पुण्यात, अस्पृश्य मानलेल्या माणसाला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, म्हणजे त्याच्या पावलांचा माग मागच्या मागे पुसला जाईल. गळ्यात मडके अडकवावे लागे, म्हणजे थुंकी जमिनीवर पडणार नाही. घराच्या कोपऱ्यातला झाडू आणि कुंभाराच्या आव्यातले मडके यांना माणसाच्या देहावर चढवून त्या देहालाच कचरा ठरवण्याची ही रीत होती. वस्तू बोलत होती, आणि ती काय बोलणार हे दुसऱ्यांनी ठरवले होते.

पेशवाई बुडून ऐंशीहून जास्त वर्षे लोटल्यावर याच दोन वस्तू घेऊन एक माणूस स्वतःच्या पायांनी गावोगाव निघाला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव इथे परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांनी १९०५ मध्ये घर सोडले. त्यांचा वेष महाराष्ट्राने पुढे अर्धे शतक पाहिला. अंगात ठिगळांवर ठिगळे जोडलेला चिंध्यांचा अंगरखा. डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा. हातात खराटा. ऊन-पावसात खापर डोक्यावर असे आणि भूक लागली की तेच ताट होई. लोक त्यांना कुठे चिंधेबुवा, कुठे गोधडेबुवा, कुठे खापरेबुवा म्हणू लागले. बहुतेक महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा या नावाने ओळखतो.

गाडगेबाबांनी हा वेष कलाकृती म्हणून केला नव्हता. त्यांचे काम लोकशिक्षणाचे होते. गावात शिरताच खराटा हाती घ्यायचा, दिवसभर गटारे आणि रस्ते झाडायचे, रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन करायचे. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरातूनच अंधश्रद्धा, कर्ज काढून केलेले सण, दारू आणि शिवाशिव यांच्यावर घाव घालत. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली.

तरीही त्यांच्या वेषाकडे कलेच्या अभ्यासकाने लक्ष द्यायलाच हवे, कारण त्यातली प्रत्येक वस्तू अर्थपूर्ण आहे. मडके फुटले की आपल्याकडे घरातून हद्दपार होते. बांगडी फुटणे अशुभ मानतात. चिंधी गोठ्यात जाते. झाडू पाहुण्यांच्या नजरेआड ठेवतात. अशुभ, उष्टे आणि हलके मानलेले सारे एका देहावर एकत्र आले, आणि त्या देहासमोर हजारो माणसे रात्ररात्र बसून राहिली. एका शतकापूर्वी पुण्याच्या रस्त्यावर ज्या मडक्याने आणि झाडूने माणसाचा अपमान केला होता, त्याच वस्तू आता मान घेऊन उभ्या होत्या. फरक एकच होता. पहिल्या वेळी वस्तू अंगावर चढवणारा दुसरा कुणी होता, दुसऱ्या वेळी त्या वाहणाऱ्याने स्वतः त्या निवडल्या होत्या. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबा गेले.

देह हेच माध्यम मानणारी सादरीकरणाची कला पश्चिमेत १९६० नंतर रुजली असे कलेतिहास सांगतो. आपल्या शाळेच्या पुस्तकांत गाडगेबाबांचे चित्र स्वच्छतेच्या धड्याशेजारी छापलेले असते. त्या चित्राला कलेतिहासाच्या पुस्तकातही जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

समुद्रापलीकडचे नातेवाईक

पश्चिमेतही या वाटेवर पहिले पाऊल टाकणारी एक बाईच होती. जर्मनीत १८७४ मध्ये जन्मलेली एल्सा फॉन फ्रायटाग-लोरिंगहोफन १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कला आली. पैसा जवळ नव्हता. तिने टोमॅटोचे रिकामे पत्र्याचे डबे दोरीने बांधून छातीवर चढवले, चहाचे चमचे कानांत घातले, कोळशाची बादली टोपीसारखी डोक्यावर घेतली, गालावर टपालाचे तिकीट चिकटवले आणि ती भर रस्त्यावरून चालली. बाईचा देह दागिन्यांनी सजवायचा असतो, हा संकेत तिने स्वयंपाकघरातल्या टाकाऊ वस्तूंनी उलटवला. अनेकदा पोलिसांनी तिला पकडले. १९२७ मध्ये पॅरिसमध्ये ती निर्धन अवस्थेत मरण पावली. तिच्या भोवतीचे पुरुष कलावंत प्रसिद्धीला पोहोचले, तिचे नाव मात्र अभ्यासकांनी कितीतरी दशकांनी उकरून काढले.

सिद्दींच्या इतिहासाशी अधिक जवळचे नाते आहे ते पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशाच्या रोमुआल्ड हाझूमे यांच्या कामाचे. हाझूमे १९६२ चे. त्यांच्या गावाकडे नायजेरियातून चोरट्या वाटेने पेट्रोल येते, प्लास्टिकच्या कॅनमधून. कॅनमध्ये जास्त पेट्रोल मावावे म्हणून ते तापवून फुगवले जाते. फुगून फुगून ते फाटण्याच्या बेतात येते आणि मग टाकून दिले जाते. हाझूमे यांनी हे टाकलेले कॅन कापले. कॅनचे तोंड हे तोंडच झाले, मूठ झाली नाक, आणि समोर एक चेहरा उभा राहिला. १९९७ ते २००५ या काळात त्यांनी असे ३०४ मुखवटे जमिनीवर मांडून ‘ला बूश द्यू र्वा’ ही कलाकृती पूर्ण केली. मांडणीचा आकार अठराव्या शतकातल्या ब्रूक्स या इंग्रज गुलामवाहू जहाजाच्या प्रसिद्ध आराखड्याचा. त्या आराखड्यात माणसे फळीला फळी लावावी तशी ओळीने निजवलेली दिसतात. २००७ मध्ये, ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केल्याला २०० वर्षे झाली तेव्हा, ब्रिटिश म्युझियमने ही कलाकृती घेतली.

बेनिनमधून निघालेली जहाजे अटलांटिक ओलांडून गेली, सिद्दींचे पूर्वज हिंदी महासागरावरून आले. किनारे वेगळे, हिशेब एकच होता. जास्तीत जास्त भरायचे, ताणायचे आणि झिजले की टाकायचे. हाझूमे यांनी कॅनला चेहरा दिला आणि तो हिशेब उघडा पाडला. कवंद शिवणारीने आपली साक्ष वेगळ्या रीतीने ठेवली. तिने झिजलेल्या कापडाला फुले लावली.

बांगड्यांची माणसे, मडक्याचा देह

भारतात या कलेचे सर्वांत मोठे आगर चंडीगडला आहे. फाळणीत पाकिस्तानातून आलेले नेक चंद हे तिथे बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. नवे शहर उभारण्यासाठी आसपासची अनेक गावे उठवली गेली. पाडलेल्या घरांत जे उरले ते नेक चंद सायकलवरून गोळा करू लागले. फुटक्या कपबश्यांचे तुकडे, बांगड्या, विजेचे खटके, सायकलच्या चौकटी, न्हाणीघरातल्या फरशा. १९५७ पासून सरकारी राखीव जंगलात कुणाला न कळवता त्यांनी त्या सामानातून माणसे घडवली. सिमेंटच्या देहांवर बांगड्यांचे झगे चढले. न्हाव्यांच्या दुकानांतून झाडून आणलेले केसही त्यांनी वापरले. जुन्या कपड्यांच्या मोठाल्या बाहुल्याही केल्या. प्रशासनाला याचा पत्ता १९७० च्या दशकात लागला. ते बांधकाम बेकायदा होते, तरी लोकांच्या पाठिंब्याने वाचले आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन म्हणून खुले झाले. १९८४ मध्ये नेक चंद यांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते गेले.

त्या बागेत रांगेने उभ्या असलेल्या बाया पाहताना ज्या गावांवर शहर उभे राहिले त्यांचीही आठवण ठेवायला हवी. त्या बायांच्या अंगावरच्या बांगड्या कुणाच्या तरी मनगटावर होत्या. सुप्याच्या धरणाने जोयडा तालुक्यातही माणसे घरदार सोडून निघाली. अशा वेळी घर बांधून नेता येत नाही, उंबरा नेता येत नाही. काय बरोबर घ्यायचे आणि काय पाण्याखाली सोडायचे, हे प्रत्येक घराला ठरवावे लागते. विस्थापनाच्या या बाजूवर, मागे राहिलेल्या वस्तूंवर, आपल्याकडे कलेने अजून फार थोडे काम केले आहे.

मुंबईत रुमाना हुसैन यांनी वेगळ्या जखमेवर बोट ठेवले. डिसेंबर १९९२ नंतरच्या दंगलींनी शहर हादरले, तेव्हा त्यांनी कॅनव्हास आणि रंग बाजूला ठेवून फुटकी मडकी, आरसे आणि घरगुती वस्तू हाती घेतल्या. दुभंगलेल्या मडक्याचे अर्धे जमिनीवर ठेवले की ते पोट वाटते, घुमट वाटतो, फुटलेले घरही वाटते. १९९५ मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ या सादरीकरणात त्यांनी स्वतःचा देह मांडला. पायांत घुंगरू, हातात कापलेल्या पपईचे अर्धे, तोंड किंकाळीसाठी उघडलेले, पण आवाज नाही. बाईचे शरीर, घर आणि देश एकाच वेळी कसे फुटतात, हे त्यांनी वस्तूंना बोलायला लावून दाखवले. १९९९ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. भारतात देहाच्या सादरीकरणाची कला सुरू करणाऱ्यांत त्यांचे नाव आवर्जून घेतले जाते.

मुंबईच्याच शर्मिला सामंत यांनी शीतपेयांच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे एकमेकांत गुंफून साडी केली. लांबून जरीसारखी चमकणारी ही साडी जवळ गेल्यावर धारदार पत्र्याची निघते. इथे देह प्रत्यक्ष नाही, पण साडी म्हटली की तो आपोआप हजर होतो, आणि हे अंगाला लावले तर काय होईल हा विचार पाहणाऱ्याच्या कातडीला बोचतो. या कलेची ताकद अशी आहे. ती डोळ्यांनी पाहिली तरी अंगाने समजते.

नाव कुणाचे, दाम कुणाला

टाकाऊतून टिकाऊ, असे आपण शाळेच्या प्रदर्शनापासून म्हणत आलो. वस्तू वाचवण्यापुरते ते ठीक आहे. पण वर पाहिलेल्या कामांचे मोजमाप वाचलेल्या सामानाच्या वजनाने होणार नाही. त्यांचे मोल माणसाची प्रतिष्ठा परत आणण्यात आहे. म्हणून अशी कोणतीही कलाकृती पाहताना एक प्रश्न विचारायला हवा. ज्या हातांनी ही वस्तू वापरली, वेचली किंवा शिवली, त्यांना या कामात स्थान आहे का?

पुण्यातल्या कचरावेचक बायका ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या नावाने १९९३ मध्ये संघटित झाल्या. आपण टाकलेली प्रत्येक बाटली आणि डबा त्यांच्या हातांतून जातो. काचेने कापलेले तळवे, ओझ्याने वाकलेली पाठ, हा त्या वस्तूंचा देहावर उमटलेला दुसरा अर्धा इतिहास आहे. ओळखपत्र, योग्य दर आणि आदराची वागणूक या त्यांच्या मागण्या होत्या. कचऱ्यातून शिल्प घडवणाऱ्या कलावंताने या बायकांना विसरून चालणार नाही, कारण निवडण्याचे काम त्यांनी आधीच केलेले असते.

कवंदीच्या बाबतीत थोडी सुरुवात झाली आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कलेतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी उत्तर कन्नडमध्ये राहून या कलेचा अभ्यास केला, आणि सिद्दी बायकांची कवंद शिवणारी सहकारी संस्था उभी राहिली. २०११ मध्ये न्यूयॉर्कमधील हार्लेम भागातल्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये या कवंदींचे प्रदर्शन भरले. हार्लेमच्या भिंतीवर त्या लागल्या, तेव्हा आफ्रिकेतून वेगवेगळ्या दिशांना नेलेल्या माणसांच्या दोन शाखा कापडाच्या रूपाने एकमेकींसमोर आल्या. पण हार्लेमला पोहोचलेल्या या कलेची कोल्हापूर, पुणे, पणजी इथल्या किती रसिकांना ओळख आहे? जोयड्याहून गोवा हाकेच्या अंतरावर आहे, बेळगाव जवळ आहे, आणि या मुलखाशी आपला भाषेचा संबंध फार जुना आहे. आपल्या शेजारच्या या कलेचे आपण पहिले जाणकार असायला हवे होते.

आता हे काम करता येण्याजोगे आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. कवंद किंवा गोधडी विकत घेताना ती शिवणारीचे नाव आणि गाव विचारावे, आणि दाम तिच्या दिवसांच्या हिशेबाने द्यावे. मोठी कवंद हाताने शिवायला कित्येक दिवस जातात, तेव्हा यंत्रावरच्या रजईशी तिची किंमत लावणे अन्यायाचे आहे. संग्रहालयांनी पाटीवर ‘लोककला’ एवढेच न लिहिता करणारीचे नाव लिहावे. शाळेतल्या मुलांना घरच्या सर्वांत जुन्या गोधडीचा अभ्यास द्यावा. कोणते ठिगळ कुणाच्या लुगड्याचे, कोणते कुणाच्या सदऱ्याचे, शिवली कुणी, किती साली. जोयड्यापासून विदर्भापर्यंत आज ज्या आज्या ही माहिती बोट ठेवून सांगू शकतात, त्यांच्यानंतर ती कापडातून कुणालाही वाचता येणार नाही. म्हणून वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसण्याचे काम याच उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू व्हावे.